चुन्यावर पाणी

कळीच्या चुन्याचा स्वभाव रागीट माणसासारखा. पाणी पडलं की आधी तो गप्प बसतो, ऐकलं न ऐकलंसं करतो. मग ढेकळाला बारीक भेग जाते, भेगेतून सुस्कारा निघतो आणि बघता बघता सगळं पिंप खदखदायला लागतं. अंगणभर वाफ होते. हात लांब ठेवायचा, तोंड त्याहून लांब ठेवायचं, आणि तो विझेपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही, असं म्हातारा मिस्त्री सांगायचा. "बायको आणि चुना, तापल्यावर ढवळू नये," असंही म्हणायचा. बायको गेल्यावरही तो हे म्हणतच राहिला. त्यामुळं त्यातला विनोद गेला आणि नुसती सवय उरली.

घरात माणसं तीन. मिस्त्री, त्याचा मुलगा आणि सून. तिघांचा धंदा एकच, लोकांच्या भिंती पांढऱ्या करायचा. म्हातारा चुना विझवायचा, सून तो फडक्यातून गाळायची, मुलगा कुंचा घेऊन शिडीवर चढायचा. बाहेरच्या भिंतींच्या चुन्यात म्हातारा थोडं जवसाचं तेल घालायचा. तेल चुन्याला धरून ठेवतं, पावसाला दाद देत नाही, हे त्याचं गुपित होतं आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं.

मुलाला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. ह्याला दोरीची गरज पडायची नाही. खालचा रंग कुठं संपवायचा आणि वरची सफेदी कुठं सुरू करायची, ती आडवी कड तो नुसत्या नजरेनं ओढायचा. दारात उभा राहायचा, मान थोडी तिरपी करायचा, आणि एकदा कुंचा भिंतीला लागला की दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत उचलायचा नाही. एका शाळेच्या हेडमास्तरांना हे पटेना. त्यांनी पातळी बघायची पट्टी मागवून कडेला लावली. पट्टीतला बुडबुडा मधोमध जाऊन बसला. हेडमास्तर म्हणाले, "पट्टी बरोबर आहे."

सून लग्नाआधी एका कारखान्यात होती. तिथं फरशी धुवायचं अ‍ॅसिड बाटल्यांत भरायचं काम चाले. भिंतीला एक नळ होता, दोन तोंडांचा, धार वर उडवणारा. तिथल्या मुकादमबाई दर शनिवारी मुलींना डोळे मिटायला लावायच्या आणि म्हणायच्या, आता त्या नळापर्यंत जा. भिंत चाचपत, एकमेकींना धडकत, हसत हसत मुली जायच्या. मुकादमबाई हसायच्या नाहीत. डोळ्यात उडालं तर रडायचं नंतर, धुवायचं आधी, असं त्या पढवायच्या. चोळायचं नाही, औषध शोधत बसायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. पापण्या बोटांनी फाकवायच्या आणि वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, वीस मिनिटं. पण डोळे मिटलेल्या माणसाला घड्याळ काय कामाचं? म्हणून मुलींनी गाणं रचलं होतं.

*धाव धाव रे पाण्या, धार तुझी तुटू नको,*
*डोळ्याच्या या घरामध्ये पाहुण्याला ठेवू नको.*

बाळाला झोपवताना म्हणतात तशा संथ चालीत म्हटलं की अर्धं मिनिट जायचं. चाळीस वेळा म्हटलं की वीस मिनिटं भरायची. पंचविसाव्या वेळेपासून कंटाळा यायचा. मग मुली पाहुण्याच्या जागी मुकादमबाईंचं नाव घालायच्या.

लग्न झालं, कारखाना सुटला. गाणं तिच्यात कुठं तरी राहून गेलं, जुन्या ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद राहून जातो तसं.

ते घडलं तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. एका गोदामाचं काम मिळालं होतं, चुना जास्त लागणार होता. म्हातारा एका पिंपावर, ओळंबा दुसऱ्यावर. ती नळाखाली गाळायचं फडकं धूत होती. ओळंब्याच्या पिंपात एक ढेकूळ तळाशी जाऊन बसलं होतं, विझता विझेना. त्यानं दांड्यानं ते ढोसलं आणि काय झालं बघायला वाकला.

ढेकूळ फुटलं. आवाज काही मोठा झाला नाही. त्यानं दांडा टाकला, उजव्या डोळ्यावर हात दाबला आणि खाली बसला. मग ओरडायला लागला.

नळाखालची बादली उचलून ती धावली. शनिवारचं शिकवलेलं सगळं तिच्या पायांत उतरलं होतं, डोक्याला विचारावं लागलं नाही. त्याचा हात बाजूला करून ती बादली तिरपी करणार, एवढ्यात म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं.

"पाणी?" तो म्हणाला. "चुन्यावर पाणी? काय होतं ते बघ की समोर."

समोर पिंप खदखदत होतं. त्यातलं पाणी तिनंच मघाशी नळावरून भरून दिलं होतं, गार, हाताला बोचणारं. आता त्याला बुडबुडे येत होते.

ती म्हणाली, आबा, कारखान्यात सांगतात, काहीही उडालं तरी आधी पाणी. म्हातारा म्हणाला, कारखान्यात तू बाटल्या भरत होतीस, पोरी, चुना मी पन्नास वर्षं शिजवतोय. तो रागावून म्हणाला असता तर ती कदाचित भांडली असती. पण त्याचा आवाज कापत होता. रागावलेल्या सासऱ्याशी भांडता येतं. घाबरलेल्या बापाशी कसं भांडायचं? एका बाजूला पन्नास वर्षं आणि डोळ्यांदेखत उकळणारं पिंप. दुसऱ्या बाजूला बाटल्या भरणाऱ्या पोरींचं एक गाणं.

"तेल आण. फळीवरचं," म्हातारा म्हणाला. "माझे हात चुन्याचे आहेत, तूच ओत. मी डोकं धरतो."

तिनं बादली खाली ठेवली.

ठेवताना थोडं पाणी हिंदकळून जमिनीवर सांडलं आणि मातीनं ते पिऊन टाकलं. तिनं फळीवरून तेलाची बाटली आणली. म्हाताऱ्यानं मुलाचं डोकं गुडघ्यांत धरलं आणि तिनं धार सोडली. गार तेल लागल्यावर ओळंबा क्षणभर निवला. म्हातारा म्हणाला, बघ, शांत झाला की नाही. मग त्यांनी डोळ्यावर फडकं बांधलं आणि शेजाऱ्याचा टेम्पो शोधायला निघाले. ओळंब्याला ह्यातलं काही कळलं नव्हतं. स्वतःच्या ओरडण्यापलीकडं त्याला काही ऐकू येत नव्हतं, आणि दोन्ही डोळे त्यानं घट्ट मिटून घेतले होते.

डोळ्यांच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दीड तास गेला. डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटली, चुना किती उरलाय ते दाखवणारी कागदाची एक बारीक पट्टी डोळ्याला लावली. पट्टी गडद निळी झाली. तशी त्यांनी कुणाशी काही न बोलता धुवायला घेतलं. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या गेल्या. काडीवरच्या कापसानं त्या पापणीखालून काहीतरी काढत होत्या. पांढरं, चिकट, तेलात मळलेलं. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "तेल कुणी घातलं?"

म्हातारा भिंतीशी उभा होता. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत अजून चुना होता. त्यानं सुनेकडं एकदाच बघितलं आणि मान खाली घातली.

"मी," ती म्हणाली.

त्यात खोटं काय होतं? बाटली तिच्याच हातात होती. अर्धं खरं जिभेवरून फार लवकर घसरतं, त्याला धक्का द्यावा लागत नाही.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पाणी हवं होतं. नळाचं, विहिरीचं, कसलंही. चुन्याचा कण गरम होईल म्हणून लोक घाबरतात, पण भरपूर वाहतं पाणी त्याची उष्णताही नेतं आणि त्यालाही नेतं. तेलानं तो डोळ्यात धरून ठेवला. एवढं बोलून त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांना तिची दया आली असावी. "तुम्हाला माहीत नसणार," त्या म्हणाल्या.

ती गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं, हे तिला पुढं हळूहळू कळत गेलं.

डोळा गेला. बुबुळावर पांढरा पडदा आला, उकडलेल्या अंड्यासारखा, कायमचा. घरी आल्यावर म्हातारा सगळ्यांना सांगू लागला की डॉक्टरांना पुस्तकं माहीत, चुना काय माहीत? ढेकूळ तापलेलं होतं, डोळा तिथंच शिजला. पाणी घातलं असतं तर दुसराही गेला असता. कुणी न विचारताही तो हे सांगायचा. सांगायलाच हवं होतं त्याला. पाणी बरोबर ठरलं असतं, तर मुलाचा डोळा कुणी घेतला, ह्याचं उत्तर त्याच्याच हातात, बेचक्यांतल्या चुन्यासारखं अडकून बसलं असतं. आणि सगळं सांगून झाल्यावर तो शेवटी म्हणायचा, "पोर घाबरली बिचारी. हाताला लागलं ते ओतलं."

ओळंब्यानं तिला माफ केलं. हेच सगळ्यात वाईट झालं.

डोळ्यावरची पट्टी सुटायच्या आधीच, चाचपत तिचा हात धरून तो म्हणाला होता, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला कुठं माहीत होतं?" नंतरही म्हणायचा. ती जेवताना गप्प झाली की म्हणायचा. रात्री कूस बदलली की म्हणायचा. अशी गोड माफी होती ती, गुळाच्या खड्यासारखी, आणि तिला ती रोज गिळावी लागायची. दर वेळी ती तोंड उघडायची आणि दर वेळी मिटायची. खरं सांगितलं असतं तर एका डोळ्याबरोबर त्याला बापही घालवावा लागला असता. निदान ती स्वतःला असं सांगायची. दुसरं कारण तिच्या मनात तळाशी बसलेलं होतं, न विझलेल्या ढेकळासारखं, आणि त्याला ती ढोसत नव्हती.

एका डोळ्याला अंतर कळत नाही. चहा कपाच्या बाहेर ओतला जायचा. शिडीची पायरी जिथं वाटायची तिथं नसायची. तरी त्यानं एकदा कड मारायचा हट्ट धरला, एका दवाखान्याच्या लांब बोळात. कोपऱ्यापर्यंत गेला, मागं वळून बघितलं. त्याला ती सरळ दिसली. ती मधून झोपलेली होती, दोरीवर ओले कपडे टाकल्यावर दोरी झोपते तशी. दवाखान्याचे मालक सभ्य होते. छान झालंय म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा रंगारी बोलावून ती पुसून घेतली.

लोक त्याला ओळंबाच म्हणत राहिले. मग एक दिवस बरोबरच्या एका रंगाऱ्यानं हाक मारायला तोंड उघडलं, "ओळं—" म्हणाला, थांबला, आणि "दादा" म्हणाला. त्या दिवशी तो कुंचा घरी ठेवून बसला. त्यानंतर फडक्यातून चुना गाळायचं काम त्याच्याकडं आलं.

अशी दोन वर्षं गेली.

म्हाताऱ्याचे हात आता थरथरायचे, पण पिंपाजवळ तो कुणाला येऊ द्यायचा नाही, मुलाला तर नाहीच. त्या दिवशी दुपारी ओळंबा पायरीवर बसून गाळत होता. ती फळीजवळ उभी राहून कुंच्यांना नवा काथ्या बांधत होती. म्हातारा ढवळत होता. दांडा त्याच्या हातातून निसटला, सावरायला तो पुढं झुकला आणि दांडा आपटून चुन्याचा लगदा त्याच्या तोंडावर उडाला. दोन्ही डोळ्यांत.

तो मागं सरकत भिंतीला टेकला. "तेल," तो म्हणाला. "तेल आण, पोरी. लवकर."

तेलाची बाटली तिच्या कोपराशी होती. नळ अंगणाच्या त्या टोकाला. हात लांब केला असता तर बाटली हातात आली असती.

ती उभी राहिली. एक श्वास घेतला जाईल एवढाच वेळ, पण त्यात दोन वर्षं मावली. मागतोय ते द्यावं. सासऱ्याचा शब्द पाळला, कोण बोट दाखवेल? त्याचा चुना, त्याचं तेल, त्याची पन्नास वर्षं. तिचा हात बाटलीकडं गेलासुद्धा. काच बोटांना लागली, गार.

मग तिनं बाटली तिथंच सोडली, म्हाताऱ्याला मागून कवेत धरलं आणि ओढत नळाकडं नेलं. पाण्याचा आवाज ऐकल्यावर तो पिसाळला. "पाणी नको, मारलं, हिनं मारलं मला," असं ओरडत त्यानं हात फिरवला, तो तिच्या गालावर बसला. दुसरा कानशिलावर. तिनं त्याची मान कोपरानं खाली दाबली, डोकं तिरपं केलं आणि बोटांनी पापण्या फाकवल्या. तो बोचकारत होता, लाथा झाडत होता. पाणी डोळ्यांतून गालावर, गालावरून तिच्या हातांवर, हातांवरून अंगणात पांढरं पांढरं वाहत होतं. एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. पापणी उलटून ओल्या फडक्याच्या टोकानं तिनं आतले कण टिपले. आणि आपण गाणं म्हणतोय हे तिला सातव्या-आठव्या वेळी कळलं.

*धाव धाव रे पाण्या, धार तुझी तुटू नको.*

दहाव्या वेळी म्हाताऱ्यानं मारणं थांबवलं. विसाव्याला तो लहान मुलासारखा रडत होता. ओळंबा धावत आला होता आणि काय करावं न कळून बाजूला उभा होता. शेजारी टेम्पो दाराशी आणून हॉर्न वाजवू लागला, चला म्हणाला. ती उठली नाही. चाळीस पुरे झाल्यावर उठली.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना ही माणसं आठवली नाहीत. दिवसाला किती डोळे बघत असतील त्या. त्यांनी कागदाची पट्टी लावली. तिचा रंग जेमतेम बदलला. तरीही त्यांनी सलाइननं पुन्हा धुतलं, पापण्यांच्या घड्या तपासल्या, दिव्याखाली बराच वेळ बघितलं. मग त्या ताठ झाल्या आणि म्हणाल्या, आजोबा, नशीबवान आहात, दोन्ही डोळे राहिले. थोडी आग होईल आठवडाभर. कुणी धुतलं?

ओळंब्यानं तिच्याकडं हात केला. त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

"फार छान धुतलंत," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "शंभरात एक असं धुवून आणतो. कुठं शिकलात?"

"इथंच," ओळंबा म्हणाला. "मागच्या खेपेला तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हा तिला माहीत नव्हतं."

सुटायचं दार उघडं होतं. नुसती मान डोलावली असती तरी ती त्यातून बाहेर पडली असती. पण गाल ठणकत होता, आणि लग्न झाल्यापासून कुणी तिला छान म्हटलं नव्हतं. कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला ते दारूसारखं चढतं.

"नाही," ती म्हणाली. "कारखान्यात शिकले. अ‍ॅसिडचं काम होतं ना, लग्नाआधी. आम्ही वेळ मोजायला गाणं म्हणायचो. चाळीस वेळा म्हटलं की वीस मिनिटं होतात."

डॉक्टरीणबाई हसल्या, छान युक्ती आहे म्हणाल्या आणि पलीकडच्या खाटेकडं गेल्या.

ओळंब्यानं आवाज चढवला नाही.

"लग्नाआधी म्हणजे माझ्या डोळ्याच्या आधी."

"हो."

"पाणी घालायचं माहीत होतं तुला."

"हो."

"आणि तेल घातलंस."

खाटेवरून म्हातारा बोलला. त्याच्या डोळ्यांत मलम होतं, त्याला समोरचं धूसर दिसत होतं, आणि कदाचित म्हणूनच त्याला बोलता आलं. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "ती बादली घेऊन आली होती रे. मीच हात धरला तिचा. मीच म्हटलं तेल ओत."

दोन वर्षं ती ह्या वाक्याची वाट बघत होती. ते आलं. तिला वाटलं, आता सुटलं.

ओळंब्याला काही नवल वाटलं नाही. त्यानं बापाच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. "तुम्हीच सांगितलं असणार, आबा," तो म्हणाला. "तुम्हाला दुसरं काय माहीत होतं? तुमच्या जागी मी असतो तर मीही तेलच म्हणालो असतो." जी माफी इतके दिवस तिच्याकडं होती, ती त्यानं उचलली आणि बापाच्या उशाशी नेऊन ठेवली. बापाला ती शोभली. बापाला खरंच माहीत नव्हतं.

मग तो तिच्याकडं वळला. एका डोळ्यानं बघायचं तर त्याला पूर्ण मान वळवावी लागायची.

"आज किती मारलं त्यांनी तुला?"

तिचा हात गालाकडं गेला.

"मी बघत होतो. तोंडावर मारलं. बोचकारलं. लाथा मारल्या. तू सोडलं नाहीस. त्या दिवशी नुसता हात धरला होता."

उत्तरं होती तिच्याजवळ. तेव्हा मी नवी होते. पिंप उकळत होतं. तुझा बाप घाबरला होता. सगळी खरी होती आणि त्यातलं एकही पुरत नव्हतं. सगळ्यात खरं उत्तर हे होतं की तुझा डोळा गेला म्हणून आज माझ्या हातानं कुणाचं ऐकलं नाही. ती त्याच्या डोळ्यावर शिकली होती. हे ती कुणालाही सांगू शकली असती, फक्त ज्याचा डोळा गेला त्याला नाही.

"बोल की," तो म्हणाला.

ती बोलली नाही. ह्या खेपेला गप्प राहण्यात काही लपवायचं नव्हतं, तरी ते गप्प राहणंच होतं.

सिस्टर औषध घेऊन आली. छोटी बाटली, दर दोन तासांनी एकेक थेंब, दोन्ही डोळ्यांत. घरी कोण घालणार, त्यांना मी दाखवते, असं म्हणत तिनं बाटली सवयीनं सुनेपुढं धरली.

"मला दाखवा," ओळंबा म्हणाला.

सिस्टरनं त्याच्या पांढऱ्या डोळ्याकडं बघितलं आणि जरा घुटमळली. बाईंनाच जमेल, दादा, नजरेचं काम आहे, असं हळूच म्हणाली.

"त्यांना सगळं येतं," तो म्हणाला. "आणा इकडं."

सिस्टरनं दाखवलं. खालची पापणी ओढायची, बाटलीचं तोंड लागू द्यायचं नाही, थेंब आतल्या बाजूला सोडायचा. म्हाताऱ्यानं मान मागं टाकली, डोळा उघडा धरला. ओळंबा वाकला. पहिला थेंब म्हाताऱ्याच्या नाकावर पडला. दुसरा गालावर पडून कानाकडं ओघळला. म्हातारा हलला नाही. तो वर बघत पडून राहिला, आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांना काहीतरी होत होतं.

"थोडं अलीकडं," ती न राहवून म्हणाली. "अजून खाली घे."

ओळंब्याचा हात थांबला. तो अलीकडं आला नाही, खाली आला नाही. बाटली तशीच अधांतरी धरून तो वाट बघत राहिला. कशाची, ते तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती खाटेपासून मागं सरली आणि बाहेर बोळात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

आतून सिस्टरचा आवाज आला. "हां. आता पडला बरोबर."